बिनतारी माउस

बिनतारी माउस हे संगणकाला तारेविना जोडले जाणारे निर्देशक उपकरण आहे. हाताची सपाट पृष्ठभागावरील हालचाल आणि बोटांनी मारलेल्या टिचक्या यांची माहिती ते रेडिओ लहरींच्या साहाय्याने संगणकाकडे पाठवते. त्यासाठी यूएसबी खाचेत बसवायचा छोटा ग्राही (बोलीभाषेत डोंगल) किंवा संगणकातच असलेली ब्लूटूथ यंत्रणा वापरली जाते. कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या बिनतारी माउसमध्ये अचूकतेइतकेच महत्त्व टिचकीचा कमी आवाज, आटोपशीर आकार, दीर्घकाळ टिकणारा विद्युतघट आणि जोडणीची सुरक्षितता यांना असते. खेळांसाठी बनवलेल्या माउसचे निकष याहून वेगळे असून दोहोंची गल्लत झाल्याने खरेदीत अनेकदा अनावश्यक खर्च होतो.

नाव

'माउस' हे नाव अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत पडले. छोटी पेटी आणि तिच्यातून निघालेली शेपटीसारखी तार यांमुळे ते सुचले असावे. मात्र ते प्रथम कोणी उच्चारले हे कोणालाच आठवत नाही, असे उपकरणाचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी नंतर सांगितले. बिनतारी प्रकारात ही शेपटी गेली, नाव मात्र टिकले. मराठीतही 'माउस' हाच शब्द रूढ झाला आहे; त्याची कळ दाबण्याच्या क्रियेला मात्र 'टिचकी मारणे' हा चांगला देशी शब्द मिळाला.

इतिहास

एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली माउसचा पहिला नमुना तयार केला. त्याचे आवरण लाकडी होते आणि तळाशी परस्परांना काटकोनात बसवलेली दोन धातूची चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या प्रात्यक्षिकात हे उपकरण प्रथमच मोठ्या श्रोतृवर्गासमोर आले. त्याचे एकस्व १९७० साली मिळाले. चाकांऐवजी फिरणारा गोळा वापरणारे उपकरण पश्चिम जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीने १९६८ मध्येच विक्रीस आणले होते. पुढे झेरॉक्स कंपनीचा आल्टो (१९७३), ॲपलचा लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे माउस संशोधन केंद्रांतून कार्यालयांच्या मेजावर पोहोचला.

तार काढून टाकण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न १९८४ सालचा आहे. झेरॉक्समधून बाहेर पडलेल्या तंत्रज्ञांनी स्थापन केलेल्या मेटाफर कॉम्प्युटर सिस्टिम्स या कंपनीच्या संगणकासोबत अवरक्त किरणांवर चालणारा माउस दिला जात असे. अवरक्त किरणांना समोरासमोर मोकळा मार्ग लागतो. मेजावर मध्येच फाइल किंवा चहाचा कप आला की संपर्क तुटतो. त्यामुळे हा मार्ग फार काळ टिकला नाही. १९९१ मध्ये लॉजिटेक या मूळच्या स्विस कंपनीने रेडिओ लहरींवर चालणारा माउस बाजारात आणला आणि आजचे जवळजवळ सर्व बिनतारी माउस त्याच मार्गाने गेले आहेत.

गोळ्याच्या माउसमध्ये धूळ साचत असे आणि तो उघडून आतील रूळ नखाने खरवडणे हा त्या काळच्या संगणक वापरणाऱ्यांचा नित्याचा उद्योग होता. प्रकाशीय माउस १९८०च्या सुमारास तयार झाले होते, पण त्यांना विशिष्ट नक्षी छापलेला पृष्ठभाग लागे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने साध्या मेजावर चालणारा प्रकाशीय माउस आणला, तेव्हापासून गोळा मागे पडत गेला. २००४ मध्ये लेझर किरण वापरणारा माउस सर्वसामान्य ग्राहकांच्या बाजारात आला.

रचना

प्रकाशीय माउसच्या तळाशी एक प्रकाशदायी डायोड, भिंग आणि अत्यंत लहान कॅमेऱ्यासारखा संवेदक असतो. हा संवेदक पृष्ठभागाची दर सेकंदाला हजाराहून अधिक सूक्ष्म छायाचित्रे घेतो. लागोपाठच्या दोन छायाचित्रांतील खाचाखोचा किती सरकल्या यावरून हालचालीची दिशा व अंतर काढले जाते. कागद, लाकूड, कापड यांच्या पृष्ठभागावर असे भरपूर तपशील असतात. स्वच्छ काचेवर ते नसतात, म्हणून काचेच्या मेजावर साधा माउस अडखळतो. काचेवर चालणारे काही माउस २००९ पासून उपलब्ध आहेत, परंतु साध्या कापडी पॅडने तेच काम अत्यल्प खर्चात होते. बिनतारी माउसमध्ये वीज वाचवण्यासाठी बहुधा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. तळाशी लाल दिवा दिसत नाही म्हणून माउस बंद आहे, असा समज त्यामुळे होतो.

संवेदकाची क्षमता 'डीपीआय' या एककात, म्हणजे एक इंच हालचालीमागे नोंदवल्या जाणाऱ्या बिंदूंच्या संख्येत सांगतात. १,००० डीपीआयच्या माउसने १,९२० बिंदू रुंदीचा पडदा दोन इंचांहून कमी हालचालीत पार होतो. कार्यालयीन कामाला ८०० ते १,६०० डीपीआय पुरेसे आहे. वेष्टनावरील याहून मोठे आकडे मुख्यतः खेळांशी संबंधित असतात आणि त्यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

जोडणी

बहुतेक बिनतारी माउस २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात काम करतात. भारतात २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या नियमांनुसार परवानामुक्त आहे. त्यामुळे माउस वापरणाऱ्याला कोणताही परवाना लागत नाही. उपकरणाला मात्र दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची प्रकार-मान्यता लागते.

परवानामुक्त असल्यामुळेच हा पट्टा गजबजलेला आहे. वाय-फाय, ब्लूटूथची श्रवणयंत्रे आणि भटारखान्यातील मायक्रोवेव्ह भट्टी हे सारे तेथेच आहेत. गोंगाट टाळण्यासाठी ब्लूटूथ उपकरणे सतत वारंवारता बदलतात. डोंगलवर चालणारे माउसही गर्दी असलेली वाहिनी सोडून दुसरीवर जातात. तरीही दर्शक अधूनमधून अडखळण्याचा अनुभव येतो आणि त्याचे एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यूएसबी ३.० खाचा व तारा काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण करतात, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात दाखवले आहे. डोंगल अशा खाचेत, आणि शेजारच्या खाचेत बाह्य हार्ड डिस्क, अशी मांडणी असेल तर माउसचा संदेश दबतो. डोंगल दुसऱ्या बाजूच्या यूएसबी २.० खाचेत लावल्याने किंवा छोट्या जोडतारेने मेजावर आणल्याने हा त्रास बहुधा जातो. माउस बदलण्यापूर्वी हा उपाय करून पाहणे श्रेयस्कर ठरते.

डोंगलची जोडणी खाचेत बसवताक्षणी सुरू होते. संगणक सुरू होत असतानाही ती चालते. उलट, ती एक यूएसबी खाच अडवते आणि डोंगल हरवल्यास अनेक माउस निरुपयोगी होतात. म्हणूनच माउसच्या पोटात डोंगल ठेवण्यासाठी कप्पा आहे की नाही, हे पाहावे लागते. आधुनिक लॅपटॉपवर केवळ सी प्रकारच्या खाचा असल्यास जुन्या पद्धतीचा डोंगल लावताच येत नाही. ब्लूटूथ माउसला वेगळा ग्राही लागत नाही. २०१० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ४.० आवृत्तीतील अल्पऊर्जा प्रकारामुळे त्याचा विजेचा वापरही घटला. मात्र जोडी जुळवण्याची क्रिया एकदा करावी लागते आणि काही कार्यालयांत सुरक्षेच्या धोरणानुसार ब्लूटूथ बंद ठेवलेले असते. दोन्ही सोयी असलेला, एका कळीने दोन संगणकांत बदलता येणारा माउस त्यामुळे कार्यालयाला अधिक सोयीचा ठरतो.

टिचकीचा आवाज

नेहमीच्या माउसच्या कळीखाली सूक्ष्मस्विच असतो. त्यात ताणून बसवलेली धातूची पातळ पट्टी असते. कळ दाबली की पट्टी एका मर्यादेपर्यंत वाकते आणि ती मर्यादा ओलांडताच उसळी घेऊन समोरच्या संपर्कबिंदूवर आदळते. कानाला ऐकू येते ती ही धडक. कळ सोडताना पट्टी परत उसळते, म्हणून प्रत्येक टिचकीत वास्तविक दोन आवाज असतात. माउसचे पोकळ प्लॅस्टिकचे कवच तबल्याच्या खोडासारखे काम करून हा आवाज वाढवते. मेज पोकळ किंवा पातळ फळीचे असेल तर तेही त्यात भर घालते.

शांत माउसमध्ये हा आवाज प्रामुख्याने दोन प्रकारे कमी केला जातो. एका प्रकारात पट्टी तीच राहते, पण ती जेथे आदळते तेथे किंवा कळीच्या दांड्याखाली सिलिकॉनसारखा मऊ पदार्थ बसवतात. दुसऱ्या प्रकारात धातूच्या पट्टीऐवजी रबरी घुमट वापरतात. तो दबला की त्याखालील संपर्क जुळतो. पहिल्या प्रकारात बोटाला मिळणारी जाणीव बऱ्याच अंशी टिकते. दुसरा प्रकार स्वस्त पडतो, पण त्याचा स्पर्श काहीसा मऊ, गिळगिळीत लागतो. नेहमीच्या माउसची सवय असलेल्यांना सुरुवातीचे काही दिवस टिचकी लागली की नाही अशी शंका येते आणि ते गरज नसताना पुन्हा कळ दाबतात. ही शंका बहुधा आठवडाभरात जाते.

वेष्टनावर छापलेला 'आवाज ९० टक्के कमी' हा दावा समजून घ्यावा लागतो. आवाजाची पातळी डेसिबल या लघुगणकीय एककात मोजतात. ध्वनिऊर्जा ९० टक्क्यांनी घटली, म्हणजे एक दशांश उरली, तर पातळी १० डेसिबलने खाली येते. आणि माणसाच्या कानाला १० डेसिबलची घट साधारणतः 'निम्मा आवाज' अशी जाणवते. म्हणजे दावा खरा असला तरी टिचकी नाहीशी होत नाही. ती अधिक बोथट होते, तिच्यातील तीक्ष्ण उच्च स्वर जातात आणि शेजारच्या मेजापर्यंत पोहोचेपर्यंत ती खोलीच्या सर्वसाधारण गुणगुणीत बुडते. व्यवहारात एवढेच अपेक्षित असते.

दावा बहुधा डाव्या व उजव्या कळीपुरताच असतो, हीदेखील ध्यानात घेण्याची बाब आहे. मधल्या चाकाची टकटक, चाक दाबल्याचा आवाज, बाजूच्या अंगठ्याच्या कळा आणि तळाचे तुकडे मेजावर घासल्याचा आवाज हे सर्व तसेच राहू शकते. दिवसभर लांबलचक तक्ते किंवा दस्तऐवज वरखाली सरकवणाऱ्यांच्या बाबतीत टिचकीपेक्षा चाकाचाच आवाज अधिक होतो. दुकानात माउस हातात घेऊन चाक फिरवून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली येथील दुकानांत अशी तपासणी करणे अवघड नसते, ऑनलाइन खरेदीत मात्र ती संधी मिळत नाही.

आवाजाचा प्रश्न सर्वत्र सारख्या तीव्रतेचा नसतो. गजबजलेल्या कार्यालयात लक्ष विचलित करणारा सर्वात मोठा घटक म्हणजे माणसांचे बोलणे होय. तेथे शांत माउसने फारसा फरक पडत नाही. ग्रंथालय, अभ्यासिका, ध्वनिमुद्रण कक्ष, न्यायालयीन कामकाज किंवा घरातील झोपेची खोली येथे मात्र तीच टिचकी उठून दिसते. एकाच खोलीत मूल झोपलेले असताना रात्रपाळीचे काम करणाऱ्यांना हा फरक सांगावा लागत नाही. दूरस्थ बैठकांत आणखी एक अडचण येते. लॅपटॉपचा ध्वनिग्राहक आणि माउस एकाच मेजावर असल्याने टिचकी हवेतून जाते तशी मेजाच्या फळीतूनही ध्वनिग्राहकापर्यंत जाते आणि समोरच्यांना ती बोलणाऱ्याच्या आवाजाएवढी स्पष्ट ऐकू येऊ शकते. जाड पॅड घातल्याने हा दुसरा मार्ग बराचसा बंद होतो. काही व्यक्तींना बारीक, पुनःपुन्हा होणाऱ्या आवाजांचा तीव्र त्रास होतो. या स्थितीला मिसोफोनिया म्हणतात. अशा सहकाऱ्याशेजारी बसणाऱ्याने शांत माउस वापरणे हा सोयीपेक्षा सौजन्याचा भाग ठरतो.

आकार आणि हाताचे आरोग्य

आटोपशीर माउसची लांबी साधारणतः ९५ ते १०५ मिलिमीटर असते. पूर्ण आकाराच्या माउसची ११५ ते १२५. लहान माउस पिशवीत सहज मावतो आणि मेजावर कमी जागा घेतो. मात्र तो सर्वांच्या हाताला योग्य असतोच असे नाही. माउस धरण्याच्या तीन पद्धती मानल्या जातात: संपूर्ण तळवा टेकवून, बोटे वाकवून नखरासारखे धरून आणि केवळ बोटांच्या टोकांनी. लहान माउस तळव्याला आधार देत नाही, त्यामुळे तो आपोआप बोटांच्या टोकांनी चिमटीत धरला जातो. अर्धा-पाऊण तासाच्या कामात याने काही बिघडत नाही. दिवसाचे सात-आठ तास अशी चिमूट धरून ठेवल्यास मात्र बोटे उचलणारे व आवळणारे स्नायू सतत ताणलेले राहतात.

मनगटातील हाडे व स्नायुबंध यांमधून एक अरुंद बोगदा जातो. त्यातून बोटांचे स्नायुरज्जू आणि मध्य चेता जाते. मनगट वर वाकलेले असताना या बोगद्यातील दाब वाढतो आणि कळ दाबून धरून ओढण्याच्या क्रियेत तो आणखी वाढतो, असे मापनांतून आढळले आहे. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे ही या चेतेवर दाब येत असल्याची लक्षणे असू शकतात आणि ती दिसल्यास माउस बदलून थांबण्याऐवजी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. केवळ माउसमुळे हा विकार होतो, असे सरसकट म्हणता येत नाही; मधुमेह, गर्भावस्था, अवटू ग्रंथीचे विकार आणि संधिवात हीही त्याची ज्ञात कारणे आहेत.

प्रौढांच्या हाताची लांबी, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १७ ते १९ सेंटिमीटर असते. लहान हातांना आटोपशीर माउस पुरतो. मोठ्या हातांच्या व्यक्तीने तो प्रवासासाठी ठेवून मेजावर मोठा माउस वापरणे इष्ट असते. लांबीपेक्षाही पाठीची उंची अधिक निर्णायक ठरते. अगदी चपटा माउस पिशवीत चांगला, पण त्यावर हात टेकत नाही. डावखुऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस लागतो. संगणकाच्या मांडणीत डाव्या-उजव्या कळींची अदलाबदल करता येते, मात्र उजव्या हातासाठी घडवलेल्या कवचाचा आकार बदलता येत नाही.

माउस कोठे ठेवला जातो याचाही परिणाम होतो. अंकपट्टी असलेल्या रुंद कळफलकामुळे माउस उजवीकडे दूर जातो, दंड शरीरापासून बाहेर राहतो आणि खांदा दुखू लागतो. लेखा विभागातील कर्मचाऱ्यांना अंकपट्टी सोडता येत नाही. इतरांना आखूड कळफलक घेऊन माउस जवळ आणता येतो. या बदलाने होणारा लाभ पुष्कळदा महागड्या माउसपेक्षा अधिक असतो.

विद्युतघट

कार्यालयीन बिनतारी माउस एक किंवा दोन सुट्या घटांवर किंवा आत बसवलेल्या लिथियम-आयन घटावर चालतात. सुटा घट बहुधा एए मापाचा, म्हणजे बोलीतला पेन्सिल सेल, असतो. अगदी लहान माउसमध्ये त्याहून बारीक एएए घट वापरतात. एक घट काही महिन्यांपासून वर्षाहून अधिक काळ पुरू शकतो. वापर नसताना माउस स्वतःहून निद्रावस्थेत जातो आणि पहिल्या हालचालीला क्षणभर उशिरा प्रतिसाद देतो; हा दोष नव्हे. वापरून संपलेला अल्कधर्मी घट तसाच आत राहिल्यास त्यातून क्षारीय द्रव गळून संपर्कपट्ट्या खराब होतात. सुटीवर जाताना घट काढून ठेवण्याचे कारण हेच आहे.

पुनर्भारित माउस घटांचा कचरा कमी करतो, पण आतील घट काही वर्षांनी क्षीण होतो आणि अनेक प्रतिमानांत तो बदलण्याची सोय नसते. भारणाची खाच कोठे आहे हेही पाहण्याजोगे असते. ॲपलच्या २०१५ सालच्या मॅजिक माउसमध्ये ती तळाशी असल्याने भारण चालू असताना माउस वापरता येत नाही. या रचनेची बरीच थट्टा झाली. सुट्या घटाचा माउस याबाबतीत निश्चिंत असतो, कारण असा सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो.

सुरक्षितता

२०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी अनेक निर्मात्यांच्या डोंगलमधील दोषांचा एक संच उघड केला. त्याला 'माउसजॅक' असे नाव देण्यात आले. माउसच्या हालचालींत गुप्त ठेवण्यासारखे काही नसते, या समजुतीने अनेक निर्माते माउसकडून येणारे संदेश कूटबद्ध करत नव्हते. परंतु काही डोंगल माउसच्या नावाने आलेला कळफलकाचा संदेशही स्वीकारत असत. त्यामुळे जवळपास असलेली अपरिचित व्यक्ती स्वस्त रेडिओ उपकरणाच्या साहाय्याने दुसऱ्याच्या संगणकावर कळा दाबल्याचा आभास निर्माण करून आज्ञा देऊ शकत होती. ब्लूटूथ माउसना हा दोष लागू नव्हता. काही निर्मात्यांनी डोंगलमधील आज्ञावली अद्ययावत करण्याची सोय दिली. अनेक स्वस्त डोंगलमध्ये ती बदलण्याची व्यवस्थाच नव्हती आणि असे डोंगल वापरात असेपर्यंत दोष कायम राहतो.

बँका, रुग्णालये आणि शासकीय कार्यालये यांच्या दृष्टीने माउसच्या किमतीपेक्षा ही बाब महत्त्वाची आहे. कूटबद्ध जोडणीचा स्पष्ट उल्लेख, आज्ञावली अद्ययावत करण्याची सोय आणि निर्मात्याचे ओळखता येणारे नाव या तीन गोष्टी नसलेला डोंगल संवेदनशील माहितीच्या संगणकाला जोडू नये, असा दंडक ठेवणे व्यवहार्य आहे. जुने, बेवारस डोंगल संगणकाच्या मागे लागून राहिलेले असतात. माउस टाकून दिला तरी डोंगल काढला जात नाही. तो काढणे बिनखर्चाचे असते.

टिकाऊपणा आणि विल्हेवाट

कळीच्या स्विचचे आयुष्य लक्षावधी टिचक्यांत सांगतात. एक कोटी टिचक्यांची नोंद सर्रास आढळते. दिवसाला ३,००० टिचक्या धरल्या तरी एक कोटीला नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. प्रत्यक्षात माउस बहुधा त्याआधी, संपर्कबिंदू गंजल्यामुळे निकामी होतो: एकदा कळ दाबली असता दोन टिचक्या नोंदवल्या जातात, किंवा ओढून नेलेली फाइल मध्येच सुटते. कोकण किनारपट्टीसारख्या दमट हवेत असा गंज लवकर चढतो. आवरणावरील मऊ रबरी लेप काही वर्षांत चिकट होणे हा उष्ण हवामानातला दुसरा अनुभव आहे. साध्या, खरबरीत प्लॅस्टिकचा माउस दिसायला सामान्य असला तरी अधिक टिकतो. एक ते तीन वर्षांची हमी देणारी प्रतिमाने उपलब्ध असून हमीसाठी खरेदीचे देयक जपून ठेवावे लागते.

भारतात माउससह संगणकाची निविष्टी उपकरणे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ यांच्या कक्षेत येतात. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार वापर संपलेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. घटांसाठी २०२२ चेच स्वतंत्र बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत. म्हणून माउस निकालात काढताना सुटा घट आधी वेगळा करावा लागतो, आणि लिथियम-आयन घट आत असलेला माउस ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावा लागतो. कचरागाडीत चेपला गेल्यास असा घट पेट घेऊ शकतो.